पोवाडा फक्त राजांचा?

‘पोवाडा हा राजेमहाराजांच्या पराक्रमाचाच, कामगारांचे पोवाडे म्हणजे बाहेरून आणलेला प्रचारी प्रकार,’ असं बरीच वर्षं फिरत आहे. शाळेत आपण शिवकालीन पोवाडेच ऐकतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण सिंहगडाचा जुना पोवाडा काढून बघा. त्याचा नायक राजा नाही, एक सुभेदार आहे. म्हणजे विषयाची अट मुळातच नव्हती.

आता मुंबईच्या लालबाग-परळकडे, म्हणजे गिरणगावात या. गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून माणसं आली ती भजन, शाहिरी, तमाशा घेऊनच. अनेकांना वाचता येत नव्हतं; त्यामुळे संपाची गोष्ट गाण्यातून पोचवणं सोपं. दुसऱ्या महायुद्धात तर स्टालिनग्राडच्या लढाईवरही मराठीत पोवाडा झाला. विषय रशियाचा, पण घाट आपलाच.

पडताळायचं असेल तर शिवकालीन आणि कामगारांचा, असे दोन पोवाडे लागोपाठ ऐका. डफ, तुणतुणं, झीलकऱ्यांचं, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांचं ‘जी जी’, मधूनच गद्यात सांगितलेलं कथानक, दोन्हीकडे सापडेल.

बदल झालाच नाही असं मात्र नाही. कामगारांच्या तमाशात सुरुवातीच्या गणपतीच्या गणाऐवजी, म्हणजे वंदनगीताऐवजी, मायभूमीला आणि श्रमिकांना वंदन आलं, कृष्ण आणि गवळणींचा भाग, म्हणजे गवळण, मागे पडली. माझ्या मते खरी गंमत याच फेरफारात आहे.