अवटुन्यूनता : पर्यायी उपचार (सातारा-सांगली परिसर)

अवटू (थायरॉइड) ग्रंथीतून पुरेशी हॉर्मोने न स्रवल्याने होणाऱ्या विकारावर लेव्होथायरॉक्सिनच्या (उणे हॉर्मोन भरून काढणाऱ्या) गोळीऐवजी किंवा तिच्या जोडीने केले जाणारे उपचार. बोलीत या विकाराला नुसते ‘थायरॉइड निघाला’ असे म्हणतात. लक्षणे सर्वपरिचित असल्याने येथे दिलेली नाहीत. ‘अवटू’ ही संज्ञा वाई (जि. सातारा) येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात आढळते, अमरकोशात मात्र ‘अवटु’ म्हणजे घाटा, कृकाटिका, अर्थात मानेची मागची बाजू. ग्रंथी पुढे आणि नाव मागचे, असा हा प्रकार आहे.

गलगंडाशी संबंध. आयुर्वेदीय ग्रंथांत या विकाराला नेमका प्रतिशब्द नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय ११) गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार सांगितले असून, गळ्याशी लोंबणारी सूज, मग ती लहान असो वा मोठी, हे त्याचे लक्षण दिले आहे. ही व्याख्या ग्रंथीच्या आकाराची आहे, कार्याची नाही. गलगंड असलेल्या माणसाचे हॉर्मोन पुरेसे असू शकते आणि अवटुन्यूनतेच्या अनेक रुग्णांना गाठ मुळीच नसते. म्हणून काही अभ्यासक गलगंडाचा आधार सोडून अग्निमांद्य (मंदावलेली पचनशक्ती) व कफ-मेदाची दुष्टी (बिघाड) या अंगाने विकाराची मांडणी करतात. तीच अधिक सयुक्तिक वाटते.

सुश्रुताच्या सूत्रस्थानात (अध्याय ४५) नद्यांच्या पाण्याचे दोष सांगताना गलगंड हिमालयात उगम पावणाऱ्या नद्यांच्या माथी मारला आहे. सह्याद्रीतून निघणाऱ्यांच्या वाट्याला कुष्ठ आले आहे. कृष्णा-कोयनेचे खोरे अर्थातच दुसऱ्या गटात पडते. हिमालयाच्या पायथ्याच्या जमिनीतील आयोडीनची उणीव आणि कांगडा खोऱ्यात (हिमाचल प्रदेश) १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठावर झालेले काम पाहता हे जुने निरीक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

कांचनार गुग्गुळ. कांचनाराची साल व गुग्गुळ (एका झाडाचा डिंक) यांचे, या विकारावर वैद्यांकडून सर्रास दिले जाणारे औषध. पाठ शार्ङ्गधरसंहितेतील असून तिचा काळ सामान्यतः तेरावे-चौदावे शतक मानतात. मूळ फलश्रुतीत (औषधाचे गुण सांगणाऱ्या भागात) गंडमाळ, अपची, अर्बुद व ग्रंथी या गाठींच्या विकारांची नावे आहेत. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींची माळ. तीत क्षयाच्या गाठीही येत असाव्यात. तेव्हा गंडमाळेवरून गलगंड आणि गलगंडावरून अवटुन्यूनता, अशा दोन उड्या मारून हे औषध येथवर पोहोचले आहे. परंपरा जुनी खरी, पण या उपयोगाची नव्हे.

वनस्पतीच्या ओळखीचाही घोळ आहे. चरकाच्या वमनोपग (वांतीस साहाय्यक औषधांच्या) गणात कोविदार व कर्बुदार ही कांचनासारख्या झाडांची नावे शेजारीशेजारी येतात. भावप्रकाशात (बहुधा सोळावे शतक) कांचनाराला ‘गंडारि’ म्हटले असून कोविदार त्याच्याच लगत आहे. कांचनार म्हणजे कांचन हे मत आज बहुमान्य आहे. आपटा याच कुलातला, पण निराळा. दसऱ्याला लुटतात ते पान दुभंगलेले, कांचनाचेही तसेच; पण काष्ठौषधीच्या दुकानात पान नसते, पुडीत नुसती तपकिरी साल असते आणि तिच्यावरून झाड ओळखणे जाणकारालाही जड जाते.

इतर औषधे. अश्वगंधेच्या अर्काची ५० सौम्य (उपलाक्षणिक, म्हणजे ठळक लक्षणे नसलेल्या) रुग्णांवर ८ आठवड्यांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली; टीएसएच (अवटूला चालना देणारे, न्यूनतेत वाढणारे हॉर्मोन) सुधारल्याचे तीत नोंदले आहे. मात्र किंचित वाढलेला टीएसएच पुष्कळदा आपोआप उतरतो, त्यामुळे छोट्या चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. अश्वगंधेने उलट हॉर्मोन वाढल्याचे व यकृतास इजा झाल्याचे रुग्णही नोंदलेले आहेत. कांगडा खोऱ्यातला आयोडीनचा धडा येथे सरसकट लागू करून आयोडीनयुक्त समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेऊ नयेत. जादा आयोडीन ग्रंथीला आणखी मंद करू शकते. धण्याचे पाणी घरोघर चालते. त्याला भक्कम चाचणीचा आधार नाही.

जनावरांच्या ग्रंथीचे चूर्ण ‘नैसर्गिक’ म्हणून मागितले जाते. वस्तुतः तेच जुने मुख्य औषध होय: १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचलेली रुग्ण १९१९ पर्यंत जगली. डुकराच्या ग्रंथीच्या चूर्णात टी-४ व टी-३ (अवटूची दोन हॉर्मोने; टी-३ अधिक प्रभावी) यांचे प्रमाण सुमारे ४:१ असते, मानवी ग्रंथीच्या स्रावात सुमारे १४:१; म्हणून टी-३ चा भार जास्त होतो.

आहार. माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात बाजरीची भाकरी नित्याची. बाजरीतील काही फ्लेव्होनॉइडे ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, आणि शिजवल्याने ती जात नाहीत. पण हा परिणाम मुख्यतः आयोडीन कमी व बाजरी हेच जवळजवळ एकमेव अन्न असेल तेथे दिसतो. कृष्णाकाठी पिकणारे सोयाबीन लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीचे शोषण घटवते. तोच दोष लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांचा. त्या चार तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात. उपाशीपोटी गोळी आणि लगोलग दुधाचा चहा हा प्रकार घरोघर आढळतो. अर्धा ते एक तास थांबणे आवश्यक. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे रक्ततपासणीच्या काही पद्धतींत टीएसएच खोटा कमी दिसतो.

योग व होमिओपॅथी. सर्वांगासन, मत्स्यासन व उज्जायी (प्राणायाम) शिकवतात. थकव्याला उपयोग होऊ शकतो, हॉर्मोनची जागा ती घेत नाहीत. होमिओपॅथीत ‘थायरॉइडिनम’ (जनावराच्या अवटू ग्रंथीपासून केलेले औषध) वापरतात. कोणत्याही पर्यायासाठी चालू गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे, गरोदरपणात तर विशेषच.