मोहाचे मद्य

मोह (मधुका लाँगिफोलिया, कुल – सॅपोटेसी) या वृक्षाच्या गळून पडलेल्या फुलांपासून घरगुती रीतीने तयार होणारे मद्य. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार व पालघर हे जिल्हे आणि मेळघाट यांतील वनप्रदेशांत ते विशेष रूढ आहे. गोंड, वारली, कोरकू, भिल्ल इ. समाजांच्या लग्नकार्यात व देवकार्यात त्याला स्थान असून पिण्यापूर्वी काही थेंब जमिनीवर शिंपडून देवांना व पूर्वजांना अर्पण करण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते.

वृक्ष साधारणपणे मार्च–एप्रिलमध्ये फुलतो. फुले तोडली जात नाहीत. त्यांचे मांसल, फिकट पिवळसर पुष्पमुकुट (पाकळ्यांचे पुंज) रात्री व पहाटे आपोआप गळतात आणि ते उन्हापूर्वी वेचले जातात. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून काही वेळा वणवा पसरतो. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असल्याने ती किण्वनास (आंबण्यास) अत्यंत अनुकूल ठरतात. वाळवलेली फुले मडक्यात पाण्यात भिजवून ऋतुमानानुसार सुमारे चार ते आठ दिवस आंबवतात. या आंबवणाला विदर्भात ‘सडवा’ म्हणतात. त्यात गूळ किंवा नवसागर घालण्याची रीतही आहे. नवसागरातील नायट्रोजन यीस्टला पोषक होत असावा. पुढे सडवा भट्टीवर चढवून वाफ नळीवाटे किंवा वरच्या थंड पाण्याच्या भांड्याच्या तळाशी निववतात व द्रव गोळा करतात. प्रथम उतरणारे मद्य सर्वांत तीव्र असते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आलेला आहे.

या मद्याच्या प्राचीनतेविषयीच्या चर्चेत आंबवलेले आसव आणि भट्टीतून उतरवलेली दारू यांची पुष्कळदा गल्लत होते. त्या दोहोंचा इतिहास वेगवेगळा पाहणे आवश्यक आहे. आसवाची परंपरा निश्चितपणे जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा पुष्पासवांच्या यादीत कमळाचे विविध प्रकार, प्रियंगू व धातकी (धायटी) यांच्यासह मधूक म्हणजे मोह येतो. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी माध्वी म्हणजे मोहफुलांची, असा अर्थ मनुस्मृतीचा टीकाकार कुल्लूकभट्ट देतो. तर मध किंवा द्राक्षे हे मूळ द्रव्य मानणारा पक्षही आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘मधु’ मात्र स्पष्टपणे द्राक्षरसाचे असल्याने केवळ नामसाम्यावरून त्याचा संबंध मोहाशी जोडता येत नाही.

ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे वाफ निववून मद्य उतरवण्याच्या क्रियेचा, प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. तक्षशिला येथे सापडलेल्या भांड्यांचा पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी ऊर्ध्वपातनाशी संबंध जोडला होता. पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑलचिन यांनी 1979 मध्ये चारसद्दाजवळील (आता पाकिस्तानात) शैखान ढेरी येथील मृत्पात्रांच्या आधारे, ख्रिस्तपूर्व अखेरच्या शतकांपासून वायव्य भारतात मद्य गाळले जात असावे, असे प्रतिपादन केले. परंतु ही पात्रे मद्यासाठीच वापरली जात होती, हे त्यांच्या आकारावरून सिद्ध होत नाही आणि समकालीन संस्कृत ग्रंथांतील पाककृतीही आंबवण्यापाशीच थांबतात. म्हणून मद्यासाठी ऊर्ध्वपातनाचा व्यापक प्रसार मध्ययुगात झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मोहाची भट्टी डोंगराळ प्रदेशांत नेमकी केव्हा पोहोचली, हे त्यावरून ठरवता येत नाही.

वसाहतकाळात अबकारी महसुलासाठी घरगुती गाळपावर निर्बंध आले. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्यानंतर 1892 मध्ये ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी मोहफुलांसंबंधी स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यामुळे दारूच नव्हे, तर अन्न व गुरांचा चारा म्हणून उपयोगी पडणारे फूलही नियंत्रणाखाली गेले. 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरील बंधने कायम राहिली. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. राज्य शासनाने 2021 मध्ये फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. परवान्याशिवाय मद्य गाळणे हा मात्र अद्याप गुन्हाच आहे.