काचबिंदूतील बाहुलीची प्रकाश-प्रतिक्रिया

डोळ्यावर उजेड पडला की बाहुली आकसते, अंधारात ती मोठी होते. काचबिंदूत दृष्टिपटलातील चेतापेशी मरत जातात आणि त्यांच्या तंतूंची बनलेली दृष्टिचेता, म्हणजे बोलीतली ‘डोळ्याची नस’, सुकत जाते. ही झीज एका डोळ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर बाहुलीच्या हालचालीवरून ती ओळखता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत या खुणेचे मोल मोठे आहे. नसेचा स्कॅन काढणारी आणि दृष्टिक्षेत्र मोजणारी यंत्रे मुख्यतः शहरांतल्या दवाखान्यांत असतात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून तिथे पोचायचे तर घाट उतरून दिवस मोडावा लागतो. टॉर्च मात्र कुठेही नेता येतो.

प्रत्येक दृष्टिचेतेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. त्यांतले काही तंतू उजेडाची वर्दी मध्यमेंदूतील एका केंद्राकडे नेतात. तिथून ती दोन्ही बाजूंच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रकांना, म्हणजे बाहुली आवळणाऱ्या चेतापेशींच्या पुंजक्यांना, मिळते आणि तिसऱ्या मस्तिष्कचेतेमार्फत (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी तिसरीतून) दोन्ही डोळ्यांतील बाहुली आवळणाऱ्या स्नायूंना हुकूम सुटतो. वर्दी एका डोळ्याची असली तरी हुकूम दोन्ही डोळ्यांना सारखाच जातो, म्हणून निरोगी माणसाच्या एकाच डोळ्यावर उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात. तपासणीचा सगळा आधार हाच आहे.

काचबिंदूत मार पहिल्यांदा बसतो तो चेता डोळ्याबाहेर पडते त्या चाळणीसारख्या पडद्यापाशी. डोळ्यातील दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. तो वाढला, किंवा त्या माणसाच्या नसेला तेवढाही सोसला नाही, तर चाळणीतून जाणारे तंतू दबतात, त्यांतील रसायनांची ने-आण अडते आणि मागची पेशी मरते. मेलेली पेशी परत येत नाही. साधारण पाव ते एक तृतीयांश पेशी गेल्यावरच नेहमीच्या दृष्टिक्षेत्र तपासणीत खोट दिसू लागते. रुग्णाला ती त्याहूनही उशिरा कळते, कारण मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. ‘डोया दुखत नही, मंग दवाखानामा कसाले जावानं?’ हा अहिराणी प्रश्न त्यामुळे अगदी स्वाभाविक आहे आणि या आजारात तोच घात करतो.

झुलत्या टॉर्चची तपासणी अंधाऱ्या खोलीत करतात. रुग्णाला लांबच्या भिंतीकडे बघायला सांगतात, कारण जवळ पाहिले तरी बाहुली आकसते. मग टॉर्च किंचित खालून एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरून चटकन दुसऱ्यावर नेतात, पुन्हा पहिल्यावर आणतात. दोन्ही नसा सारख्या असतील तर बाहुल्या आकसलेल्याच राहतात. उजेड अधिक सुकलेल्या नसेच्या डोळ्यावर आला की मेंदूला तो मंद वाटतो आणि टॉर्च समोर असतानाच दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात. याला सापेक्ष अभिवाही दोष किंवा मार्कस गन बाहुली म्हणतात. नेत्रतज्ज्ञ मार्कस गन यांनी ही खूण विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवली, टॉर्च झुलवण्याची रीत १९५९ मध्ये पॉल लेव्हॅटिन यांनी मांडली. दोन डोळ्यांच्या चेतातंतूंच्या थरात साधारण पाव हिश्शाचा फरक पडला की ही खूण डोळ्यांना दिसू लागते. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुलीची कड चटकन ओळखू येत नाही, त्यामुळे टॉर्च प्रखर हवा आणि घाई नको.

मोतीबिंदूमुळे हा दोष येत नाही. पिकलेला मोत्या प्रतिमा अडवतो, पण उजेड विखरून का होईना डोळ्याच्या पडद्यापर्यंत, म्हणजे दृष्टिपटलापर्यंत, पोचतोच. म्हणून पांढऱ्या झालेल्या डोळ्याची बाहुली या तपासणीत मागे पडली, तर मोत्यामागे नस किंवा पडदा बिघडला आहे असे समजावे. शस्त्रक्रिया होईल, पण नजर पूर्ण येणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगता येते. शिबिरात बाहुली मोठी करणारे थेंब रांगेतच घातले जातात आणि मग ही तपासणी करता येत नाही. आधी टॉर्च, मग थेंब हा क्रम कुठल्याही गर्दीत मोडता कामा नये.

चाचणीची मोठी मर्यादा म्हणजे ती दोन डोळ्यांची तुलना आहे. दोन्ही नसा सारख्याच सुकल्या असतील तर खूण मिळत नाही, म्हणून बाहुल्या ठीक दिसल्या तरी डोळ्याचा दाब आणि चेतेच्या तोंडावरील खळगा (तंतू मरतात तसा तो मोठा होतो) पाहावाच लागतो. काही वेळा बाहुलीच हलण्याच्या स्थितीत नसते. बांधावरचा धोतरा उपटताना त्याचा रस डोळ्यात गेला तर त्यातील अ‍ॅट्रोपिनसारख्या द्रव्यांनी ती मोठी होऊन थिजते. कपाशीवर फवारणी करताना सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या कीटकनाशकाची बाधा झाली तर ती टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि तेव्हा काचबिंदूचा विचार बाजूला ठेवून आधी जीव वाचवावा लागतो. एकच बाहुली थिजलेली असेल तर दुसरीवर नजर ठेवूनही चाचणी पुरी करता येते. ही युक्ती फारशी शिकवली जात नाही, ती शिकवायला हवी.

डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा कोन अचानक बंद होऊन होणाऱ्या तीव्र काचबिंदूत चित्र वेगळे असते. डोळा लाल, भयंकर डोकेदुखी, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलट्या. उलट्यांमुळे ‘पित्त उसळलं’ समजून पोटाच्या गोळ्या घेत बसणारे बरेच असतात. इथे बाहुली अर्धवट मोठी, काहीशी लांबट होऊन अडकते, कारण वाढलेल्या दाबाने तिच्या स्नायूचाच रक्तपुरवठा तुटतो. त्याच दिवशी दाब उतरवला नाही तर नस कायमची जाऊ शकते.

संशोधनाचे लक्ष अलीकडे मेलानोप्सिन असलेल्या चेतापेशींकडे वळले आहे. या मोजक्या पेशी स्वतःच उजेड ओळखतात, आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक दाद देतात. निळा दिवा विझल्यावरही बाहुली काही सेकंद आकसलेली राहते, ती त्यांच्यामुळे. वाढलेल्या काचबिंदूत हा काळ आणि आकसण्याचे प्रमाण घटते. अवरक्त कॅमेऱ्याने हे मोजता येते, आणि दोन्ही डोळे सारखे बिघडले असले तरी कळू शकते. शरीराचे दिवस-रात्रीचे घड्याळही याच पेशींच्या वर्दीवर जुळते, त्यामुळे काही रुग्णांची झोप बिघडते.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण लक्षणीय आहे. विटी, गोफणीचा दगड किंवा पऱ्हाटीचा फटका बसून अशा माणसाच्या डोळ्यात रक्त साकळले, तर त्या वाकलेल्या पेशी डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याच्या जाळीत अडकतात आणि दाब वाढतो. त्यांची नस इतरांपेक्षा कमी दाबातही इजा पावते. दाब उतरवण्यासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी अशा रुग्णात पेशींचे वाकणे वाढवू शकते, म्हणून गोळी लिहिण्याआधी सिकलसेलची चौकशी करतात आणि दाब व बाहुली रोज तपासतात.