चाकावरचं वजन कडेवरून आत कसं गेलं

टायर बदलला की टायरवाला चाक मशीनवर चढवतो, फिरवतो, स्क्रीनवर आतल्या बाजूला 25 आणि बाहेरच्या बाजूला 15 ग्रॅम असे काहीतरी आकडे येतात आणि तो तेवढं वजन ठोकून किंवा चिकटवून मोकळा होतो. बघणाऱ्याला वाटतं जागा मशीनने ठरवली. ते अर्धंच खरं आहे, कारण वजन कुठल्या दोन ठिकाणी लावायचंय हे मशीनला आधी माणूसच सांगतो. गणित म्हणतं की चाकाच्या रुंदीत कुठलीही दोन वेगळी ठिकाणं घ्या, असमतोल घालवता येतो. म्हणजे मोकळीक भरपूर आहे, पण प्रत्येक जागेची किंमत वेगळी, आणि ती ग्रॅममध्ये मोजावी लागते.

मुळात एवढ्याशा वजनाने काय होतं? 15 इंची रिमच्या कडेला 30 ग्रॅम जास्त असलं तर 100 च्या स्पीडला ते चाकाला साधारण 5 किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला 14-15 वेळा दिशा बदलत फिरत असते. स्टिअरिंग हातात थरथरतं ते यामुळेच.

ही थरथर 1920 च्या दशकात जास्तच बोचायला लागली. कमी हवेचे गुबगुबीत बलून टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, गाड्या पळायला लागल्या आणि सलग ॲक्सलवरची, म्हणजे एकाच दांड्याने जोडलेली, पुढची चाकं नाचायला लागली. जनरल मोटर्सने 1934 च्या मॉडेल्सना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) दिलं त्यामागे हा त्रासही होता, रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकला आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनिअरचं त्यात मोठं काम आहे. सस्पेन्शनने नाच कमी झाला, पण जड चाक जडच राहिलं.

त्यावर गॅरेजमध्ये स्वस्त उपाय होता बबल बॅलन्सरचा. चाक बॅलन्सरच्या टोकावर आडवं ठेवायचं, मधला बुडबुडा हलक्या बाजूकडून मध्यावर येईपर्यंत वजनं ठेवत जायचं, मग निम्मं वजन आतल्या कडेला आणि निम्मं बाहेरच्या. हे निम्मं-निम्मं उगाच नव्हतं. सगळं एकाच कडेला ठोकलं तर चाकाची उडी थांबते पण डावं-उजवं डुलणं नव्याने सुरू होऊ शकतं. आणि बुडबुड्याला एक गोष्ट कधीच दिसत नाही. आतल्या कडेला वर 30 ग्रॅम जास्त आणि बाहेरच्या कडेला बरोब्बर समोर खाली 30 ग्रॅम जास्त, असं चाक आडवं ठेवलं तर बुडबुडा अगदी मधोमध, फिरवलं की मात्र चाक डुलणार. अरुंद चाकांना हे खपून जायचं, रिम रुंद झाल्या तसं खपेना.

चाक फिरवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या ही कल्पना काही टायरवाल्यांची नव्हे. जर्मनीत डार्मस्टाटची शेंक कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच यंत्रांच्या फिरत्या भागांसाठी अशी मशीन्स बनवत होती. ती टायरच्या दुकानात आली आणि पुढे कॉम्प्युटर स्वस्त झाल्यावर गल्लोगल्ली पोचली.

स्टीलच्या डिस्कचा काळ या कामासाठी सगळ्यात सोपा होता असं माझं मत. अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी, मारुती 800, सगळ्यांना दोन्ही कडांना क्लिपचं शिसं ठोकता यायचं. कडा म्हणजे मध्यापासून सगळ्यात लांब आणि एकमेकींपासूनही सगळ्यात लांब, म्हणून कमीत कमी वजनात काम भागायचं.

मग मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं आली. ती तशी जुनीच, बुगाटीने 1924 मध्ये टाइप 35 ला लावली होती, पण रोजच्या गाड्यांवर ती खूप नंतर आली. अलॉयची कड जाड, साधी क्लिप नीट बसत नाही, बसवली तर कोटिंगला ओरखडा, आणि ओरखड्याखाली गंज. शिवाय एवढे पैसे देऊन घेतलेल्या व्हीलवर शिशाचा तुकडा कोणाला बघवतो? म्हणून स्टिकरची वजनं स्पोकच्या मागे, आत गेली. दोन वजनांमधलं अंतर निम्मं झालं की डुलणं थांबवायला वजन दुप्पट लागतं, वर आतल्या बाजूचा घेरही लहान, त्याचे आणखी काही ग्रॅम. मशीनवाल्यांनी पुढे अशीही सोय केली की बाहेरून दिसेल अशा जागी येणारं एक वजन दोन स्पोकमागे विभागून लावता येतं. दिसण्यासाठी केलेली तडजोड आहे ही सगळी, मला ती मान्यही आहे.

दुसरा धक्का कायद्याचा. क्लिपचे तुकडे सुटून रस्त्यावर पडतात आणि गाड्यांखाली दळले जातात, अमेरिकेत अल्बुकर्कीच्या रस्त्यांवर असं पडलेलं शिसं मोजणारा अभ्यास 2000 मध्ये छापून आला. युरोपने 2005 पासून नव्या गाड्यांवर शिशाची वजनं बंद केली, मग जस्त आणि लोखंड आलं. लोखंड शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच ग्रॅमची पट्टी जवळपास दीडपट मोठी, आणि आत ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) अगदी जवळ असेल तर जाड पट्टी घासते, तिथे पातळ आणि लांबच लावावी लागते.

आणि घाईच्या दुकानात आजही मशीन स्टॅटिक मोडवर टाकून सगळं वजन एकाच ओळीत चिकटवतात. स्क्रीनवर शून्य येतं, कारण त्या मोडमध्ये मशीन डुलणं हिशोबातच धरत नाही. पट्टी रिमच्या बरोबर मध्यावर आली तर निदान नवीन डुलणं वाढत नाही, पण चाकात आधीचं जे आहे ते तसंच राहतं. चाक रुंद असेल तर डायनॅमिकवर, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या मोजणाऱ्या मोडवर, टाकून परत एकदा फिरवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.