मधला माणूस: पहिल्या पुस्तकाची बडोद्यातली पार्श्वभूमी

भाचीनं गेल्या महिन्यात विचारलं, "मामा, एजंट शोधू की स्वतःच छापू?"

तिची कादंबरी मराठीत आहे. शिक्षण गुजराती आणि इंग्रजीत झालं, मराठी फक्त घरातली. पण लिहायला बसली तेव्हा तीच हाताशी आली. पुस्तक कसं निघतं याबद्दल तिनं जे काही वाचलंय ते मात्र सगळं लंडन-न्यूयॉर्ककडचं, त्यामुळे प्रश्नही तिकडचाच आला. तिकडे लेखकाच्या वतीनं प्रकाशक गाठणारा, टक्क्यांवर काम करणारा मधला माणूस असतो, तो एजंट. ती बोलत होती आणि मला दिसत होता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातला काकांचा पलंग. त्या पलंगाखाली 1976 साली छापलेल्या त्यांच्या कवितासंग्रहाचे गठ्ठे असायचे. चार फर्म्यांचं (छपाईच्या तावांचं) लहानसं पुस्तक, 1100 प्रती, आतल्या पानावर प्रकाशिका म्हणून काकूंचं नाव. त्यातली एकही कविता आपण वाचली नाही असं काकू स्वतःच सांगायच्या. छपाईसाठी मोडली ती पाटली मात्र त्यांचीच.

छापखाना रावपुऱ्यातला. त्याचा मुख्य धंदा गुजराती कंकोत्र्यांचा, म्हणजे लग्नपत्रिकांचा. छपाईच्या अक्षरांचे देवनागरी खिळे होते, पण मराठीला लागणारा ‘ऱ्य’ नव्हता. तो अर्धा र हिंदीला लागत नाही, गुजरातीला तर नाहीच. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरनं सरळ रफार देऊन भागवलं, आणि काकांच्या सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ पुस्तकभर ‘दर्या’ होऊन बसल्या. काका हवालदिल झाले. त्यांनी शुद्धिपत्र छापून घेतलं, तेही त्याच छापखान्यात. त्यात पान आणि ओळ देऊन पुढे छापलंय: ‘दर्या’ऐवजी ‘दर्या’ असे वाचावे.

म्हणजे काका स्वयंप्रकाशित लेखक होते. हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. ‘स्वखर्चानं काढलं’ म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली यायचा. तो खाली यायचं खरं तर काही कारण नव्हतं. मराठीत छपाई रुजली तेव्हा लेखकानं स्वतः पैसे उभे करून पुस्तक काढणं ही रूढ रीत होती. आगाऊ वर्गणीदार गोळा करायचे, एखाद्या संस्थानिकाला किंवा शेठजींना ग्रंथ अर्पण करायचा, आणि कोणी किती प्रती घेतल्या याची यादी आश्रयदात्यांच्या नावानिशी पुस्तकातच छापायची. त्या याद्या वाचायला मला कवितांपेक्षा मजा येते. कोण मामलेदार, कोण वकील, कोणी एक प्रत घेतली, कोणी दहा.

प्रकाशक मधे असला म्हणजे काम सुकर होतं असंही नाही. जोतीराव फुल्यांनी 1883च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी आपल्या ‘दीनबंधु’ या साप्ताहिकात त्याची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. फुले भडकले. लोखंडे त्यांचे सहकारी, विचारानंही जवळचे. तरी संपादकाच्या खुर्चीत बसल्यावर हात आखडला. याच ग्रंथातला मजकूर आपण बडोद्याला सयाजीराव महाराजांना वाचून दाखवल्याचं फुल्यांनी उपोद्घातात नोंदवलंय. छापणारा कचरतो आणि राजा ऐकून घेतो, असा तो काळ होता.

तिकडे लंडनमध्ये साधारण याच सुमारास एजंट जन्माला येत होता. अलेक्झांडर पोलॉक वॉट हा स्कॉटिश गृहस्थ आधी जाहिरातींच्या धंद्यात होता. लेखक मित्र जॉर्ज मॅकडोनल्डच्या कथा विकून देण्याच्या निमित्तानं तो 1875च्या आसपास या कामात पडला, आणि लेखकाच्या मिळकतीवर 10 टक्के हा दर त्यानं बसवला. मुंबईत जन्मलेला किपलिंग त्याच्याच यादीतला. प्रकाशकांना हा प्राणी अजिबात आवडला नाही. विल्यम हाइनमननं तर 1893मध्ये एजंटांवर जाहीर तोंडसुख घेतलं. तोवर न्यूयॉर्कलाही पॉल रेनॉल्ड्सनं दुकान मांडलेलं होतं. आज तिकडे दर साधारण 15 टक्के आहे.

हा एजंट कशामुळे जन्मला, हे पाहण्यासारखं आहे. लेखक बिचारे व्यवहारात कच्चे होते म्हणून नव्हे. कच्चे ते आधीही होतेच. एका लिखाणातून निघणारे हक्क वाढले म्हणून. मासिकात क्रमशः छापायचा हक्क वेगळा, पुस्तकाचा वेगळा, स्वस्त आवृत्तीचा वेगळा, वसाहतींमधल्या विक्रीचा वेगळा. 1886मध्ये देशोदेशींच्या कॉपीराइटसाठी बर्नचा करार झाला आणि 1891मध्ये अमेरिकेनं परदेशी लेखकांना कॉपीराइट दिला, तेव्हा अटलांटिकपलीकडचा हक्कही विकण्याजोगा झाला. एका कादंबरीचे सहा तुकडे सहा ठिकाणी विकायचे तर कोणीतरी पूर्णवेळ तेच करणारा हवा, आणि त्या सहा तुकड्यांवरच्या टक्क्यांत त्याचं घर चालायला हवं.

मराठीत हे गणित मांडून बघा. पुस्तक 300 रुपयांचं, आवृत्ती 500 प्रतींची, रॉयल्टी 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हातात 15,000 रुपये. त्यातले 15 टक्के एजंटाचे, म्हणजे 2,250. एवढ्यात तो मुंबईहून बडोद्याला एकदा येऊन, अलकापुरीत जेवून परत जाईल. भाचीला हे गणित कागदावर करून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मग आपल्याकडे हे काम करायचं कोण?"

प्रश्न चोख होता. काम तर होतच होतं, फक्त करणाऱ्याच्या पाटीवर दुसरं काही लिहिलेलं असायचं.

बडोद्यात ती पाटी सरकारी होती. सयाजीरावांनी 1906मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत शिक्षण लागू केलं. वाचायला शिकलेला माणूस वाचणार काय, हा पुढचा प्रश्न. म्हणून 1910मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि गावोगाव ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. खर्चाची वाटणी तिघांत: थोडा गावकऱ्यांनी जमवायचा, तेवढाच पंचायतीनं, तेवढाच सरकारनं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या जमिनीचं कौतुक सगळे करतात. लहानपणी वरच्या मजल्यावरच्या लोकांचे जोडे खालून दिसायचे, ते मला पुस्तकांपेक्षा आवडायचे. पण लेखकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की गावोगावच्या या ग्रंथालयांमुळे पुस्तक छापण्याआधीच त्याचं गिऱ्हाईक तयार होत होतं.

मग 1912च्या सुमारास महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजावर मराठी-गुजराती ग्रंथ काढायचं ठरलं. श्रीसयाजी साहित्यमाला ती ही, जोडीला मुलांसाठी बालज्ञानमाला. काम विद्याधिकारी कचेरीच्या भाषांतर शाखेकडे. कोणता विषय हवा, कोण लिहील, कोण तपासेल, मानधन काय, हे सगळं कचेरी पाहायची. एजंट, संपादक आणि प्रकाशक एकाच टेबलावर. यात एक खोट होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही: कचेरीला उपयुक्त ग्रंथ हवे होते. आरोग्य, इतिहास, शास्त्र, चरित्र. एखाद्या पोरानं प्रेमाच्या कविता घेऊन त्या कचेरीचा जिना चढला असता तर तो तसाच उतरला असता.

कवितावाल्यांसाठी दुसरे मधले होते. पहिले मासिकाचे संपादक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि नव्या लेखकाला दरवर्षी ठोठावता येईल असं एक दार तयार झालं. त्याच वर्षी बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, कीर्तिकर अध्यक्ष. पुढे 1921, 1934 आणि 2018मध्येही ते इथे भरलं. संमेलनातल्या भाषणांपेक्षा मांडवाबाहेरच्या चहावर जास्त पुस्तकं ठरतात, असं माझं मत आहे. दुसरे मधले म्हणजे प्रस्तावनाकार. नामवंताची प्रस्तावना मिळाली की प्रकाशक दार उघडायचा. प्रस्तावनेला टक्के लागत नसत, पण फेऱ्या लागत, आणि आयुष्यभराचं मिंधेपण.

1 मे 1949ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि बरोबर अकरा वर्षांनी, 1 मे 1960ला, आम्ही गुजरातेत गेलो. मराठी लेखकाच्या पाठीशी असलेली कचेरी गेली, आणि नव्या कचेऱ्या सगळ्या पुण्या-मुंबईत. महाराष्ट्रात साहित्य संस्कृती मंडळ आलं, त्याची नवलेखकांसाठी अनुदान योजना आली. ग्रंथालय कायदा 1967चा, त्यामुळे ग्रंथालयांची खरेदीही तिकडेच. बडोद्याचा मराठी लेखक बाजारापासून चारशे किलोमीटर लांब उरला. काकांच्या पलंगाखालचे गठ्ठे हे या भूगोलाचं फळ होतं. नुसत्या कवितांना दोष देता येत नाही. (थोडा येतो.)

याच काळात मुंबईत उलट घडत होतं. लघुनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे स्वतःच छोटी नियतकालिकं काढणाऱ्या लेखकांनी, चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) अंकांपासून सुरुवात करून स्वतः छापण्याचा खालचा आवाज मुद्दाम वर नेला. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977मध्ये मित्राच्या, अशोक शहाण्यांच्या, ‘प्रास’नं काढला. मोठ्या प्रकाशकाचा शिक्का नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. खिळे गेले, संगणकावरची जुळणी म्हणजे डीटीपी आलं, मागणीनुसार छपाई आली, आणि 1100 प्रतींची सक्ती संपली. 2016च्या अखेरीस अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तकं आली. तिथे लेखकाला 35 किंवा 70 टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर 70 हवे असतील तर ई-पुस्तक दुसरीकडे कुठे ठेवायचं नाही, ही अट. पुस्तकाचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएसबीएन, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, आणि तरी त्याचे पैसे लावणारे भेटतात. काकांचा ‘ऱ्य’ मात्र अजून पिच्छा सोडत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आजच्या सार्वत्रिक संगणकी अक्षरपद्धतीत बदलला की तो हमखास तुटतो. युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे, पण टंकणाऱ्याला ती माहीत असायला हवी.

एजंटही भारतात आले, पण इंग्रजीच्या मागून. बंगळुरूत जयप्रिया वासुदेवन यांनी 1997मध्ये जॅकरंडा सुरू केली, जयपुरात मीता कपूर यांनी 2007मध्ये सियाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला परदेशातले हक्क, चित्रपटाचे हक्क, भाषांतराचे हक्क विकता येतात; वॉटचे तुकडे तिथे जमतात. भाचीच्या ‘एजंट की स्वतः’मधल्या ‘की’ला खरा धक्का देणारं उदाहरणही तिथलंच. अमीश त्रिपाठींची पहिली कादंबरी प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा 2010मध्ये ती त्यांनी त्यांच्या एजंटाच्या साथीनं काढली, पहिलं प्रकरण छापून दुकानांतून फुकट वाटलं, आणि खप दिसल्यावर प्रकाशक आला. एजंट होता आणि स्वतः छापणंही होतं.

भाचीनं शेवटी एजंटाचा नाद सोडला. एक प्रकरण कथेसारखं बांधून दिवाळी अंकाला पाठवलं आणि कादंबरी एका प्रकाशकाकडे. त्याचं उत्तर आठ दिवसांत आलं, इतक्या लवकर आलं की मला तेव्हाच शंका आली. छपाईचा खर्च लेखिकेनं द्यायचा, पन्नास प्रती तिला मिळणार, कॉपीराइट प्रकाशकाकडे, मुदतीचा रकाना कोरा. आम्ही दोघांनी बसून 1957चा कॉपीराइट कायदा काढला. कलम 19 म्हणतं, हक्क द्यायचा तो लेखी; मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मुदत-प्रदेशाची ही तरतूद काकांच्या वेळी कायद्यात नव्हती, पण त्यांचा हक्क निदान काकूंकडेच राहिला होता.

स्वतः छापलं तर प्रकाशक तीच, म्हणजे 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची, तीस दिवसांच्या आत. हे ऐकून ती खूश झाली. "म्हणजे चार वाचक पक्के," म्हणाली.

प्रकाशकाच्या करारावर तिनं ‘कॉपीराइट’ खोडून ‘मराठी छापील आवृत्तीचा हक्क’ लिहिलं, खर्चाची ओळ खोडली, मुदतीच्या रकान्यात ‘तीन वर्षे’ भरलं आणि स्पीड पोस्टनं परत पाठवला. पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावली आहे. या वेळी उत्तर यायला तीन आठवडे उलटून गेलेत.