फ्रान्सला निघण्यापूर्वी: जेवणाच्या वेळा, बोंजूर आणि इतर कामाच्या गोष्टी

फ्रान्सची सहल ठरवायला आमच्याकडे येणारी मंडळी आधी हॉटेल आणि आयफेल टॉवरबद्दल विचारतात. तिथे पोचल्यावर मात्र दिवस मजेत जातो की चिडचिडीत, हे बहुतेक वेळा जेवणावर ठरतं. म्हणून तेच आधी सांगतो.

दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उघडत नाही. पॅरिसमध्ये दिवसभर चालू असणाऱ्या ब्रासरी, म्हणजे साधी उपाहारगृहं, असतात, तिथे निभावून जातं. लहान गावात, त्यातही रविवारी-सोमवारी, खरोखर उपाशी राहायची पाळी येते. त्यामुळे साडेबारा-एकला जेवायला बसता येईल असाच बेत आखा. फळ्यावर खडूने लिहिलेला 'प्ला द्यु जूर', म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ, किंवा 'फॉर्म्यूल', म्हणजे ठरावीक दरातलं दोन-तीन पदार्थांचं जेवण घ्या. रात्री त्याच टेबलावर बरेच जास्त पैसे पडतात. पाण्याची बाटली मागवू नका. 'कराफ दो' म्हटलंत की नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो आणि ते पाणी निर्धास्त प्यावं. पावाचेही पैसे नसतात. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं. टिप द्यायची सक्ती नाही.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. 'मांस नको' एवढं सांगून तिथे भागत नाही. सॅलडवर 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले असतात, कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या स्टॉकमध्ये केलेलं असतं, मूससारख्या गोड पदार्थांत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं. कोंते, रोकफोर ही नावाजलेली चीज जनावरांच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, बनतात, हेही काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ब्रिटनीकडची कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे पातळ धिरडं, छान लागते. फक्त 'कोंप्लेत' मागवू नका, त्यात हॅम असतं. दक्षिणेतल्या नीस शहरात गेलात तर सोक्का चुकवू नका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल कालवून भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत, भट्टीत भाजतात. कडा काळपट कुरकुरीत, मधला भाग मऊ, वरून भरपूर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं सख्खं भावंड! आणि पॅरिसमध्ये डोसा खावासा वाटलाच तर गार द्यु नॉर स्टेशनजवळच्या ला शापेल भागात श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची हॉटेलं आहेत.

दुकानात शिरताना 'बोंजूर' (नमस्कार) म्हणायचंच, निघताना 'मेर्सी, ओरव्वार' (धन्यवाद, येतो). ते न म्हणता थेट किंमत विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. फ्रेंच माणसं तुसडी असतात ही तक्रार बरेचदा इथूनच सुरू होते, असं आमचं ठाम मत आहे. बेकरीत 'बोंजूर मादाम, यून त्रादिस्यों, सिल व्हू प्ले' एवढं म्हणून पाहा. 'त्रादिस्यों' म्हणजे पारंपरिक 'बागेत', लांबट फ्रेंच पाव. 1993 च्या सरकारी आदेशानुसार तिच्यात कुठलंही अ‍ॅडिटिव्ह चालत नाही आणि तिचं पीठ गोठवताही येत नाही. साध्या बागेतपेक्षा किंचित महाग, पण चवीत फरक कळतो. टोक मोडून चालता चालताच खायला सुरुवात करा, तिथलेही तसंच करतात. बाजारात मात्र फळं स्वतः चाचपू नका, विक्रेत्याला निवडू द्या.

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. तिकिटं वेळेसकट आधीच काढा. डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्रदाम चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे. टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पॅरिसहून लिओं शहर साधारण दोन तासांवर. तिकीट जितकं आधी काढाल तितकं सहसा स्वस्त. गाडीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, धावत येऊन उपयोग नाही. मेट्रोचं तिकीट बाहेर पडेपर्यंत जपा, तपासनीस जागेवर दंड करतात. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर कोणी मनगटावर दोरा बांधायला आलं (बांधून झाला की पैसे मागतात), तर हात खिशात घालून पुढे चालू लागा.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर लवकर या. घरात कोणी जैन असेल, कोणी अंडं खात नसेल, तर नोंदणीच्या वेळीच सांगा. काय चालत नाही ते फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी आम्ही प्रत्येकाला वेगळी करून देतो. जेवायला बसल्यावर ऑर्डर देण्याआधी ती वेटरला दाखवा.