तीन टनांचा आरसा

आयर्लंडमधल्या बर या गावी १८४५ साली विल्यम पार्सन्स, म्हणजे तिसरे अर्ल ऑफ रॉस, यांची महादुर्बीण सुरू झाली. त्याच वर्षी तिच्यातून एम ५१ या दीर्घिकेचे सर्पिल बाहू पहिल्यांदा दिसले. कौतुक नेहमी या शोधाचंच होतं. मला त्याहून थोर वाटतं ते तिच्या आरशाचं ओतकाम.

आरसा १८३ सेंटीमीटर व्यासाचा, वजन सुमारे ३ टन. काचेवर चांदीचा थर चढवलेले आरसे तेव्हा दुर्बिणींत आले नव्हते. म्हणून आरसा अख्खा धातूचा. साधारण दोन भाग तांबं, एक भाग कथील. हा मिश्रधातू लखलखीत, पण कमालीचा ठिसूळ. एक बाजू आधी गार झाली की तडा गेलाच!

रॉस यांनी साच्याचा तळच वेगळा केला. लोखंडी पट्ट्या उभ्या कडेवर, एकमेकींना घट्ट भिडवून रचल्या. फटींतून वायू निसटून जाई, पण धातू गळत नसे. शिवाय लोखंड उष्णता ओढून घेई, त्यामुळे रस तळाकडून वर गोठत येई. तीन मोठ्या मुशींमधला रस ओतला, की लालबुंद तबकडी भट्टीत सरकवून भट्टी बंद करायची. पुढे तब्बल १६ आठवडे ती हळूहळू निवत राही. हे सगळं केलं ते जहागिरीवरच्याच, रॉस यांनी स्वतः शिकवून तयार केलेल्या माणसांनी.

तरी काही प्रयत्न फसलेच. अखेर दोन आरसे हाती आले, आणि दोन्ही लागत. दमट हवेत धातू काळवंडे. एकाला पुन्हा झिलई देईपर्यंत दुसरा दुर्बिणीत.

घासकामाचं यंत्र वाफेच्या इंजिनावर चाले. पण एवढा जड आरसा स्वतःच्याच भाराने वाकतो, आणि केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी वाक आला तरी प्रतिमा बिघडते. त्यावर डब्लिनचे दुर्बीण बनवणारे कारागीर थॉमस ग्रब यांच्या तरफांच्या रचनेने आरशाचा भार पाठीमागे २७ ठिकाणी सारखा वाटून दिला. मला यातली सर्वात देखणी कल्पना हीच वाटते.

सुमारे १६ मीटर लांबीची नळी दोन दगडी भिंतींमध्ये साखळ्यांनी तोललेली होती. ती बाजूला थोडीच वळे, म्हणून तारा समोर येण्याची वाट पाहावी लागे.

१९१७ पर्यंत याहून मोठी दुर्बीण वापरात आली नाही. जुन्या आरशांपैकी एक आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. बरमध्ये दुरुस्त करून उभ्या केलेल्या दुर्बिणीत ॲल्युमिनियमचा आरसा बसवला आहे.